वेलीचा सांधा

जुनी पेटी जळाली तेव्हा कारखान्यात जळक्या वायरचा वास सुटला आणि भाच्याच्या तोंडावर सुटकेची कळा आली. वास मामांना आधी जाणवला. भाच्याचं तोंड त्यांनी नंतर पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढे पुष्कळदा वाटलं.

पेटी म्हणजे कोरकामाच्या मशीनचा कंट्रोलर. मशीन कपाटांची दारं कोरायचं आणि पेटी मशीनला चालवायची. त्या मशीनच्या मोटरी नुसत्या गरगर फिरणाऱ्या नव्हत्या, पावलं टाकणाऱ्या होत्या. पेटीनं एक ठोका दिला की एक पाऊल, दुसरा दिला की दुसरं. पावलं इतकी बारीक की बघणाऱ्याला ती सलग चाल वाटावी. पण या मोटरींच्या कारभारात एक खोट असते बघा. पेटी हुकूम सोडते आणि पुढच्या हुकुमाला लागते. पाऊल खरंच पडलं का, हे ती मागे वळून विचारत नाही. लाकूड कठीण लागलं, मोटरचा जोर कमी पडला, चार पावलं हुकली, तर गेली ती गेली. पेटीच्या लेखी सगळं आलबेल, आणि इकडे लाकडावर नक्षी सरकलेली. म्हणून पेटीत आधीच सगळं जुळवून ठेवावं लागतं. मोटरला करंट किती द्यायचा, एका मिलिमीटरला पावलं किती, वेग किती आणि तो किती झपाट्यानं वाढवायचा.

इतकी वर्षं ही जुळवणी मामा करत आले होते, आणि तीही रोज सकाळी नव्यानं. लांब पेचकसाचं टोक मोटरला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. हवा ओली असली की मोटर ज्याला फिरवते तो लांब स्क्रू जड जातो, मोटर कण्हल्यासारखी करते. मग करंट जरासा वाढवायचा, वेग जरासा उतरवायचा. कामाला हात घालण्याआधी ते म्हणायचे, "देवा, हात माझे, वळण तुझं." आणि मग बटण दाबायचे.

कारखाना ताईच्या यजमानांनी काढलेला. ते गेले, आणि आता तो ताईचा मुलगा बघत होता. कारखान्याची ओळख म्हणजे दारावरची वेल. डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातून निघायची, चारी बाजूंनी वळणं घेत फिरायची आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात येऊन स्वतःला मिळायची. "सांधा कुठे आहे तेवढं दाखवा," असं मेहुणे गिऱ्हाइकाला म्हणायचे. गिऱ्हाईक चष्मा पुसून वाकायचं, बोट फिरवायचं आणि हसून सरळ व्हायचं. सांधा नसायचाच. म्हणजे असायचा, पण मामांनी तो उरू दिलेला नसायचा.

"मामा, नवी पेटी आली," भाचा खोकं टेबलावर ठेवत म्हणाला. "तुम्ही एकदाच नीट सेट करून द्या. म्हणजे तुम्ही मोकळे."

"मोकळे म्हणजे?"

"म्हणजे आराम. किती राबायचं माणसानं? या पेटीत सगळं सेव्ह होतं. सकाळी बटण दाबलं की काम सुरू. रोज रोज मोटरीची नाडी बघत बसायला नको."

"अरे, हवा बदलली की स्क्रू आवळतो. बघावंच लागतं."

"मशीन आहे मामा, गवई नाही. रोज सूर काय लावून द्यायचा त्याला?"

भाचा स्वतःच्या विनोदावर हसला. मामाही हसले. हसायचं नव्हतं, पण घरातला पोरगा हसतो तेव्हा तोंड आपोआप साथ देतं.

खोकं उघडण्याआधी ते जिना चढून वर गेले. कारखान्याच्या डोक्यावरच ताईचं बिऱ्हाड होतं. ताई खिडकीपाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या आधीच घातलेल्या होत्या. ती त्या मोडायची आणि पुन्हा घालायची. सून आतल्या खोलीत फोनवर कोणाशी बोलत होती.

"ताई, ऐकलंस का? पेटी लावून दिली की मला घरी बस म्हणतोय."

"कानावर आलंय."

"तू काही बोलली नाहीस?"

ताईनं हातातला टॉवेल झटकला. "मी काय बोलू? मला कोण विचारतं इथे? आणि खोटं काय सांगतोय तो? वय झालं तुझं. गुडघे कुरकुरतात, जिना चढताना मला खालूनच ऐकू येतात."

"गुडघ्यांनी मशीन लावत नाही मी, ताई."

"चढवलास पारा! लहानपणापासून असाच. मी आपलं तुझ्या भल्याचं सांगतेय." आतून सुनेचं बोलणं थांबलं, तशी ताई आवाज खाली आणत म्हणाली, "जे म्हणतोय ते करून दे आणि गोडीगुलाबीनं घरी जा. भांडून गेलास तर उद्या या घरात माझ्याकडे कोण बघेल?"

मामा खाली आले. सख्ख्या बहिणीनं एक शब्द टाकला असता तर पुरला असता. पण शब्द टाकायला माणसाचं पाऊल घट्ट लागतं, आणि ताईचं पाऊल त्या घरात सरकतं आहे हे काही त्यांना आज कळत नव्हतं.

त्यांनी पेटी लावली. कशी लावली म्हणून सांगावं! वायरींच्या जोड्या तपासल्या, एकेक टोक ओढून पाहिलं. पडद्यावर एका मिलिमीटरची पावलं घातली, मोटर लांबवर पळवली, पट्टी लावून मोजलं, केसभर फरक आला तो काढला. वेग अलगद चढेल असा ठेवला, म्हणजे वळणावर मोटरला हिसका बसणार नाही. शेवटी करंट. तो देताना पेचकस कानाला लावून इतका वेळ उभे राहिले की भाचा दोनदा येऊन बघून गेला. मग कठीण लाकडाचा तुकडा चढवून त्यांनी छोटी वेल कोरून घेतली. वेल फिरून आली आणि स्वतःला मिळाली. त्यांनी अंगठा फिरवला. काही लागलं नाही.

खरं तर इथेच उठायचं होतं. पेटीला आणि देवाला नमस्कार करून घरी जायचं होतं. आयुष्यातलं सगळ्यात नीट काम हातून झालं होतं. मामा मात्र त्या गुळगुळीत लाकडावर पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत राहिले. इतकं नीट झालं होतं की आता आपल्यावाचून कशाचंच काही अडत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. उद्या हा पोरगा बटण दाबेल आणि मशीन चालेल. परवाही चालेल. स्वतःच्या हातानं त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवली होती.

"झालं?" भाचा तिसऱ्यांदा आला. कोरलेल्या तुकड्याकडे त्यानं पाहिलंही नाही. "हा आवाज मात्र आहेच का अजून? नवी पेटी घेऊन पण ही घूं घूं चालूच?"

"मोटरला जोर दिला की ती गुणगुणणारच."

"वर बायको म्हणते डोकं उठतं दिवसभर. आणि हात लावा, तापलीय बघा केवढी! तुमचा हात जडच हो मामा. सगळं जास्तच देता."

सगळं जास्तच देता. हे वाक्य भाच्यानं मोटरीबद्दल म्हटलं होतं, पण लागलं ते मामांच्या आयुष्याला. तो नमुने आणायला आत गेला. मामा पडद्यासमोर एकटे उरले.

पाप माणसाच्या मनात शिरतं ना, ते दांडगाई करत येत नाही. समजूतदार पाहुण्यासारखं येतं, चप्पल बाहेर काढून येतं. पोरालाच आवाज नको आहे, ते म्हणालं. पोरालाच मोटर गार हवी आहे. मग दे त्याला हवं ते. करंट उतरव. मऊ लाकडावर काही कळणार नाही. कठीण लाकूड आलं, कटर खोल गेला, की कोपऱ्यावर पावलं हुकतील आणि वेल मिळायची नाही. मग फोन येईल. "मामा, जरा येता का?" एवढंच. कोणाचं काही बुडत नाही. चार दारं बिघडतील, आणि मामाशिवाय चालत नाही हे एकदाचं कळेल.

देवाचं नाव त्यांनी सकाळी घेतलेलं होतं. आता पुन्हा घेतलं नाही. असल्या कामाच्या वेळी तो जवळ नसलेला बरा.

त्यांनी करंट उतरवला, मग आणखी थोडा उतरवला आणि सेव्ह केलं.

भाचा परत आला तो दारातच थबकला. "अरे वा! हे काय केलंत?"

"केलं थोडं."

"थोडं काय, मशीन चालू आहे का बंद तेच कळेना!" त्यानं मोटरवर तळवा ठेवला. "गार! मामा, अहो हे आधीच का नाही केलंत? इतकी वर्षं उगाच कान किटवलेत आमचे." त्यानं मऊ लाकडाची फळी चढवली, वेल कोरली, ती बरोबर मिळाली. त्यानं पडद्यावरच्या आकड्यांचा फोनवर फोटो काढला, म्हणजे पुन्हा कधी लागले तर कोणीही घालेल. मग मामांना मशीनशेजारी उभं करून त्यांचाही एक काढला.

"हसा की मामा! सुटलात!"

इतक्या वर्षांत मामांच्या कामाचं तोंडभर कौतुक झालं ते त्या एका दिवशी, आणि तेही मुद्दाम बिघडवलेल्या कामाचं.

घरी बसल्यावर मामांचा सगळा जीव फोनात गोळा झाला. तो वाजला की ते उठायचे, आणि पलीकडून कोणीतरी भलताच निघायचा. मामींना आधी वाटलं, माणूस कामावाचून करमत नाही म्हणून तळमळतोय. त्यांनी नळ गळतो म्हणून सांगितलं, खिडकीची कडी सैल आहे म्हणून सांगितलं. मामांनी नळ आवळला, कडी बसवली आणि पुन्हा फोनापाशी येऊन बसले.

"अहो, असं त्याच्याकडे टक लावून बसलं म्हणजे वाजतो का तो?"

"मी कुठे बघतोय?"

"बघत नाही कसे? लग्नाआधी माझ्याकडेसुद्धा इतकं बघितलं नव्हतंत."

मामा मनातल्या मनात फोनवरचं बोलणं घोळवत राहिले. भाचा म्हणेल, मामा, वेल मिळत नाही हो. आपण लगेच हो म्हणायचं नाही. जरा थांबायचं. मग म्हणायचं, येतो, पण मशीनला रोज बघावं लागतं, हे आता तरी पटलं का? अशी ती वाक्यं त्यांनी घासून घासून गुळगुळीत केली. फोन मात्र आला नाही. हवा ओली झाली, स्क्रू आवळले असणार. तरी आला नाही. मोठ्या दारांचं, कठीण लाकडाचं काम या दिवसांत असतंच असतं. तरीही आला नाही.

मग त्यांच्या मनाला दुसरी टोचणी लागली. दारं बिघडत असतील, पोरगा गिऱ्हाइकांची बोलणी खात असेल आणि मानी स्वभावामुळे बोलावत नसेल. मेहुण्यांनी उभा केलेला धंदा. ज्या माणसानं "सांधा दाखवा" म्हणून जन्म काढला, त्याच्या दारावर आपण फट पाडली. प्रार्थनेला बसले की तोंडून नाव निघायचं आणि डोळ्यांपुढे ती फट यायची. शेवटी एका सकाळी त्यांनी पायांत चपला सरकवल्या. कबूल करायला तोंड होत नव्हतं. पण पेटी उघडायला दोन मिनिटं पुरली असती. हवा बदलली म्हणून बघायला आलो म्हणायचं, करंट जागेवर आणायचा आणि मुकाट्यानं परत यायचं.

कारखान्यात शिरले तेव्हा मशीन मऊ आवाजात कठीण लाकूड कोरत होतं. भिंतीशी तयार दारं ओळीनं उभी होती. मामा पहिल्याच दारापुढे वाकले. डाव्या कोपऱ्यात, जिथे वेल मिळायला हवी होती, तिथे एक पान होतं. कोरलेलं नव्हे, वेगळं कापून वरून चिकटवलेलं. पुढच्या दारावरही पान. त्याच्या पुढच्यावरही.

"काय मामा, कशी आहे आयडिया?" भाचा मागून आला. "वेल काडीभर सरकायला लागली होती हो. मी म्हटलं, आता काय करावं? मग सुचलं. एक पान मारलं वर, विषय संपला!"

"अरे, मला का नाही बोलावलंस?"

"एवढ्याशासाठी? तुम्हाला कशाला त्रास? आणि गंमत ऐका. आता गिऱ्हाइकं पान मागतात! उठावदार दिसतं म्हणतात. परवा एकाला साधी वेल दाखवली तर म्हणतो, ह्याला पान नाही का?"

"पण सांधा..."

"सांधा कोण बघतं मामा? बाबांचं ते खूळ होतं."

मामांनी पेटीकडे पाहिलं. "हवा बदललीय. जरा पेटी बघू का? दोन मिनिटं."

"हात नका लावू हं!" भाचा हसतच मध्ये आला, पण आला. "तुम्ही हात लावलात की पुन्हा घूं घूं सुरू. मस्त चाललंय. बसा तुम्ही, आईशी बोला." बाहेर कोणीतरी हाक मारली तसा तो गेला.

आईशी बोला म्हणजे? मामांनी वळून पाहिलं. मशीनच्या पलीकडे, उजेडाच्या बाजूला, ताई बसली होती. पुढ्यात दार आडवं टाकलेलं, एका हाताशी सरसाचा डबा, दुसऱ्या हाताशी पानांचा ढीग. ती बोटानं पान दाबून धरत होती. तोंड उजळलेलं होतं. यजमान गेल्यापासून तिचा असा चेहरा मामांनी पाहिला नव्हता.

"ये, बस. तिकडून ये, पसारा आहे," ती म्हणाली. "सूनबाईंनीच सुचवलं, आईंची बोटं बारीक आहेत म्हणून. सकाळी वरून हाक मारतात मला. चहा इथेच येतो."

मामा बसले. घोळवलेलं एकही वाक्य या जागी बसत नव्हतं.

ताईनं पान दाबता दाबता मान वर न करता विचारलं, "तूच केलंस ना हे?"

"काय?"

"मला नको विचारूस काय म्हणून. पाळण्यात होतास तेव्हापासून बघतेय तुला. तुझ्या हातून काडीभर चूक राहत नाही. राहिली तर ती राहिलेली नसते, ठेवलेली असते."

मशीन एका कोपऱ्यावर बारीकसं अडखळलं. ताईला ते ऐकू गेलं नाही, मामांना गेलं.

"कधी कळलं तुला?"

"पहिलं दार बिघडलं त्याच दिवशी."

"मग बोलली नाहीस?"

"का बोलू?" ताईनं आता मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मामांना सोसला असता. "तुझी चूक सांगितली असती तर तुला बोलावलं असतं. नाही सांगितली, तर मला बोलावलं. वर बसून घड्या मोडून मोडून माझी बोटं झिजली रे. तुला घरी माणूस आहे बोलायला. मला तिथे खिडकी होती."

मामांना वाटलं, म्हणावं, ताई, मी तुझ्या यजमानांच्या वेलीवर घाव घातला आणि तू त्याच्यावर पानं लावत बसली आहेस. पण म्हटलं तर ते तिलाच लागलं असतं.

"नीट करायला आलायस ना आज?" ती म्हणाली.

त्यांनी मानेनंच हो म्हटलं.

"नको करूस." तिनं पुढचं पान उचललं, मागच्या बाजूला सरस लावला, आणि जागेवर ठेवून अंगठ्यानं दाबलं. "देवापुढे तू उभा राहशील तेव्हा मीही शेजारी उभी राहीन. अर्धं माझ्या नावावर घाल. पण नको करूस."

भाचा परत आला. "मामा, काय म्हणत होता तुम्ही पेटीचं? काही बिघाड आहे का?"

ताईचं बोट पानावर तसंच थांबलं.

"नाही," मामा म्हणाले. "छान चाललंय."

"बघा! मी म्हटलंच होतं. उगाच जीव टांगणीला लावून बसला होतात." भाच्यानं खुशीत येऊन भिंतीशी उभं असलेलं एक लहान दार काढलं. "हे घेऊन जा मामीला. माप चुकलंय, तसंही पडूनच राहील. देवाच्या कोनाड्याला शोभेल."

दार बगलेत मारून मामा रस्त्यानं चालले. ओळखीचा एक शिंपी दुकानातून बाहेर येऊन म्हणाला, "वा मास्तर, अजून हातात तीच जादू!" मामांनी मान डोलावली आणि पाय उचलला.

घरी मामींनी दार पदरानं पुसलं, उजेडाकडे धरलं. बोट वेलीवरून फिरत फिरत डाव्या कोपऱ्यात आलं आणि थांबलं.

"हे पान किती जिवंत वाटतं हो! तुम्ही केलंत?"

"नाही. ताईनं लावलं."

"लावलंयही किती नाजूक! हात आहे बाई त्यांना." मामींनी दार कोनाड्याला लावून पाहिलं. ते नेमकं बसलं. "बिजागऱ्या आणा उद्या. इथेच बसवू. रोज सकाळी नमस्कार करताना समोर येईल."

मामा हात धुवायला म्हणून मोरीत गेले, आणि नळ सोडून कितीतरी वेळ तिथेच उभे राहिले.